मुलांना अंगण लागतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षाचा शुभारंभ २६ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी आवारात झाला. त्या वेळी आपल्या सोसायटीच्या माजी सचिव आणि निवृत्त बालवाडी शिक्षिका असलेल्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे आजी-माजी पदाधिकारी, सर्व सभासद, सभासद नसलेले पण इथेच राहणारे सगळे शेजारी, आणि पुढच्या सतरंजीवर बसलेली, भाषण कधी संपतंय याची वाट पाहणारी माझी लाडकी बाळगोपाळ मंडळी!

मला सांगितलं की ताई, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. आठवणी पुष्कळ आहेत. पाण्याच्या टँकरच्या आहेत, गळक्या गच्चीच्या आहेत, सर्वसाधारण सभेतल्या भांडणांच्याही आहेत. त्या सांगायला लागले तर जेवण गार होईल. म्हणून मी एकच विषय घेतलाय. गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. बी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका सूनबाईंनी विचारलं होतं, "इथे चार वर्षांच्या मुलासाठी जवळपास काय आहे? त्याला फार कंटाळा येतो." त्यावर आपण सगळ्यांनी भराभर उत्तरं दिली. अबॅकसचा क्लास, फोनिक्सचा क्लास, कराटे, वेस्टर्न डान्स, शिवाय एकाची नर्सरी ॲडमिशनची लिंक. बारा उत्तरं आली. मी मोजली. त्यातली अकरा क्लासची होती आणि बारावं होतं 'गुड मॉर्निंग'चं फूल.

त्या सूनबाईंनी 'थँक्यू' लिहिलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण हाच प्रश्न २००१ साली माझा होता.

आम्ही लालबागच्या चाळीतून इथे आलो. ह्यांची नोकरी इथल्या लोखंड बाजारात. रोज लालबागहून येऊन-जाऊन जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून इथे घर घेतलं. स्वतःचा ब्लॉक, आत संडास, आत नळ. चाळीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस! जून महिना होता. लेक चार वर्षांची आणि मुलगा सहा महिन्यांचा. पहिल्या आठवड्यात मी खूश होते. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, लेक बोलेनाशी झालीये.

चाळीत तिला खेळायला पाठवावं लागत नव्हतं. दार उघडं असायचं, गॅलरी होती, पोरगी कुणाच्या घरी जेवली ते संध्याकाळी कळायचं. इथे दार लावलं की आपण आत आणि जग बाहेर. ती ग्रिलला धरून उभी राहायची आणि रस्त्यावरचे ट्रेलर मोजायची. लांबलचक ट्रेलर, त्यावर लोखंडाची गुंडाळी. मला हाक मारून सांगायची, "आई, सत्तेचाळीस झाले." मी म्हणायचे, "शाबास." आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. मी बालवाडीची बाई! दुसऱ्यांची तीस-तीस मुलं हसतखेळत सांभाळलेली, आणि माझं स्वतःचं मूल ट्रेलर मोजत होतं.

तेव्हाचं कळंबोली कसं होतं, ते जुन्यांना आठवत असेल. सिडकोची स्थापना १९७० ची, तेव्हा कागदावर शहर जुनं होतं, पण आपल्या बाजूला चिखल, धूळ आणि अवजड गाड्या. एक्स्प्रेस-वे पूर्ण व्हायचा होता. महानगरपालिका तर थेट २०१६ साली आली. बागेसाठी राखीव जागा होती, पण तिथे गवत माझ्या खांद्याएवढं.

मग सुरुवात कशी झाली? एका भाजीवाल्या मावशीने केली. कळंबोली गावातली आगरी बाई, डोक्यावर पाटी घेऊन जिना चढून यायची. तिने एक दिवस लेकीकडे पाहिलं आणि मला झापलं, "पोरीला घरान कोंडून ठेवतेस काय गो? शेतान आन तिला!" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन गेली. भाताची लावणी चालू होती. बायका वाकून रोपं लावत होत्या, गाणी म्हणत होत्या. लेक बांधावरून घसरून गुडघाभर चिखलात गेली. मी किंचाळले. ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली! कुणीतरी तिला बांधाच्या बिळातला मुठा दाखवला. पावसाळ्यात शेतात येणारा तो खेकडा. त्याची नांगी हलताना बघून तिने जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, ती रात्री झोपेपर्यंत थांबली नाही.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. नव्या जागी आलं की आपण आपल्यासारख्याच नव्या लोकांना विचारतो, "इथे काय आहे?" त्यांनाही ठाऊक नसतं. आधीपासून राहणाऱ्याला विचारावं. ती शेतं आता बहुतेक गेली, तिथे टॉवर उभे आहेत. पण ती गावं आहेत, ती माणसं आहेत, आणि त्यांच्या गावदेवीच्या पालखीत आपल्या मुलांना कुणी अडवत नाही.

दुसरी गोष्ट ह्यांनी शिकवली. हे अगदी कमी बोलणारे, तुम्हाला माहीतच आहे. एका रविवारी लेकीला म्हणाले, "चल, तुझे ट्रेलर जवळून दाखवतो." आणि लोखंड बाजारात घेऊन गेले. मी म्हटलं, हे काय मुलीला न्यायचं ठिकाण आहे? पण सुट्टीच्या दिवशी बाजार शांत असतो. तिथे वजनकाटा असतो, अख्खा ट्रक वर चढतो तो. ह्यांनी तिला काट्याच्या मधोमध उभं केलं. आकडा हलेना! इतक्या मोठ्या काट्याने तिची दखलच घेतली नाही. मग ह्यांनी तिथल्या माथाडी बांधवांना हाक मारली. सहा जण येऊन शेजारी उभे राहिले, तेव्हा कुठे आकडा हलला. सगळे टाळ्या पिटत होते. ती घरी आली आणि म्हणाली, "आई, मी आणि सहा काका मिळून ट्रकचा एक कोपरा आहोत." हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. वजन म्हणजे काय, हे तिला मी बालवाडीत तराजू घेऊन शिकवू शकले नसते इतकं चांगलं कळलं.

म्हणजे लहान मुलाला 'मुलांसाठी बनवलेलं' ठिकाणच लागतं असं नाही. खरंखुरं काम चाललंय ते बघायला त्याला फार आवडतं. कुंभार, गॅरेज, पिठाची गिरणी, टपाल कार्यालय, मालगाडी. डबे मोजा, रंग ओळखा. फुकट असतं हो!

तिसरं ठिकाण कर्नाळा. पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणारी एसटी धरायची, अर्धा-पाऊण तासात दारात. १९६८ सालापासून पक्षी अभयारण्य आहे ते. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना मॉल दाखवतो, आणि मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन आपल्या शेजारी पक्षी बघायला येतात! पहिल्या खेपेला मी चूक केली. किल्ल्यापर्यंत जायचं ठरवलं. चार वर्षांची मुलगी, कडेवर बाळ, पाठीवर डबा. अर्ध्या वाटेत तिघंही रडत होतो. दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. सकाळी लवकर गेलो, पायवाटेवर दहा मिनिटं चाललो आणि बसलो. नुसते बसलो. एक कोळी जाळं विणत होता, तो अर्धा तास पाहिला. पावसाच्या तोंडावर गेलात तर तिथे शीळकरी कस्तूर ऐकू येतो, एखादं मूल वाटेने शीळ घालत चाललंय असं वाटतं. माझा मुलगा पुढे त्याची नक्कल करायचा, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू दूधवाला आला समजून भांडं घेऊन बाहेर यायच्या.

त्याच रस्त्यावर शिरढोण आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म १८४५ साली तिथे झाला. आपण मुलांना इतिहास पुस्तकात शिकवतो आणि ते गाव इथून किती जवळ आहे ते सांगत नाही. थोडं पुढे तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. तिथे मातीची भांडी, साबण, तेलघाणी असे ग्रामोद्योग चालतात. तेल पिशवीत उगवत नाही, बियांतून निघतं, हे मुलांना डोळ्यांनी बघू द्या.

आता तर तुमच्याकडे कितीतरी जास्त आहे. खारघरचं सेंट्रल पार्क २०१० पासून आहे. पनवेलचं वडाळे तलाव आहे, संध्याकाळी आजी-आजोबांनाही जमेल असं. फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह पनवेलमध्ये आहे, बालनाट्याचा प्रयोग लागला की चुकवू नका. अंधार होतो, पडदा उघडतो आणि खरी माणसं समोर येतात, ते मोबाइलमध्ये नाही. आणि आत्ता, जानेवारीत, नेरूळला टी. एस. चाणक्यच्या बाजूच्या पाणथळ जागेत रोहित पक्षी येतात. फ्लेमिंगो हो! मानसरोवरहून लोकल पकडा. पेंधर-बेलापूर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. चार वर्षांच्या मुलाला मेट्रोने कुठे जायचंय याच्याशी देणंघेणं नसतं. या टोकाहून त्या टोकाला जा आणि परत या, झाली सहल! अकरा स्टेशनांची नावं पाठ होतील ती वेगळी.

फक्त माझे तीन नियम लक्षात ठेवा. एक, एका वेळी एकच ठिकाण, आणि मूल दमायच्या आधी परत फिरायचं. दोन, त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं. आपल्याला नवीन हवं असतं, लहान मुलाला ओळखीचं हवं असतं. नवीन गावात आलेल्या मुलाला तर फारच. 'माझा तलाव', 'माझं झाड' असं म्हणायला लागलं की समजा, मूल रुजलं. आणि तीन, शेजारचं एक तरी मूल बरोबर घ्यायचं. ठिकाण कितीही छान असो, आईबापांबरोबर एकटं फिरणारं मूल शेवटी विचारतंच, "मी कुणाशी खेळू?"

हा तिसरा नियम मला उशिरा कळला. तो शिकवला २६ जुलै २००५ ने.

त्या दिवसाबद्दल इथे वेगळं सांगायला नको. कळंबोलीत पाणी शिरलं, तळमजल्यावरची घरं बुडाली. वीज नाही, फोन नाही. कोण कुठे अडकलंय पत्ता नाही. तळमजल्यावरच्या मंडळींना आपण वर घेतलं. आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री अकरा मुलं होती. तोवर चार वर्षं आम्ही एकाच जिन्याने जात-येत होतो, पण त्यातल्या पाच मुलांची नावं मला माहीत नव्हती. बालवाडीच्या बाईला! भांड्यात असतील तेवढ्या डाळतांदळाची खिचडी केली, एक मेणबत्ती लावली. बाहेर त्यांच्या आया आपापल्या नवऱ्यांची वाट बघत जिन्यात बसलेल्या. आत मी भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा केला. मग प्रत्येकाने आपापला प्राणी केला. मग भेंड्या झाल्या. माझ्या लेकीने मुठ्याची गोष्ट सांगितली.

आमच्यासाठी ती रात्र भीतीची होती. कित्येकांचं होतं नव्हतं ते गेलं. पण परवा त्याच अकरांमधला एक, आता बेंगळुरूला असतो, मला म्हणाला, "काकू, लहानपणीची सगळ्यात मजेची रात्र कोणती तर ती!" मला आधी रागच आला. मग वाटलं, खरं आहे त्याचं. त्या रात्री सगळी दारं उघडी होती. पुढे कितीतरी वर्षं ती मुलं दार न वाजवता घरात यायची. मला माझी चाळ परत मिळाली.

तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, 'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला? आपल्या ताराबाई मोडकांकडून. १९४५ साली त्यांनी बोर्डीला मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वाढवलं. गरीब वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ साली सरकारी योजना आली, तेव्हा हा शब्द देशभर गेला. मूल जिथे आहे तिथे त्याचं अंगण, एवढं साधं तत्त्व. मी चौतीस वर्षं ते इतरांना सांगत आले.

आणि आता कबुली. आपल्या गेटपाशी, मीटरच्या खोलीच्या भिंतीवर एक पाटी आहे. 'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' ती कुणी लावली? नव्या लोकांना वाटतं, कुणी खडूस म्हातारा असेल. ती पाटी २०११ साली, मी सचिव असताना, मी लावली. एका गाडीची काच फुटली होती. दोन सभासद हमरीतुमरीवर आले होते. मला वाटलं, कटकट नको. कंपाउंड गाड्यांना दिलं, मुलांना सांगितलं बाहेर खेळा. बाहेर म्हणजे कुठे? ट्रेलरच्या रस्त्यावर? तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती. माझं काम झालं होतं, म्हणून मला ते सुचलं. हे बोलायला मला चौदा वर्षं लागली.

दुसरी कबुली. मागच्या गणपतीत आपली चित्रकला स्पर्धा झाली. परीक्षक मी होते. नियम होता, 'फक्त सभासदांच्या पाल्यांसाठी'. एक छोटा खडूंची पेटी घेऊन रांगेत बसला होता. भाडेकरूंचा मुलगा. त्याला कागद मिळाला नाही. कुणी वाईट वागलं नाही, कुणी ओरडलं नाही, यादीत नाव नव्हतं एवढंच. तो उठला नाही. आरतीचा छापील कागद उलटा करून त्याच्यावर त्याने चित्र काढलं. मी पाहिलं. त्यावर ट्रक होते, एकापुढे एक. मी म्हटलं, "छान." आणि पुढे गेले. बक्षीस दिलं नाही, कारण यादीत नाव नव्हतं.

त्याची आई म्हणजेच ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या सूनबाई. त्या आज तिथे मागे उभ्या आहेत. बाळा, तुझ्या प्रश्नाला मी उशिरा उत्तर देतेय, त्याबद्दल मला माफ कर.

सभासद कोण हे उपविधी ठरवतात, शेअर सर्टिफिकेट ठरवतं. ठीक आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला सर्टिफिकेट वाचता येत नाही. तो जिथे झोपतो ते त्याचं घर, आणि जिन्याखाली उतरला की जे दिसतं ते त्याचं अंगण. आपणही सगळे कुठून ना कुठून आलोय. कुणी साताऱ्याहून, कुणी सांगलीहून, कुणी खानदेशातून, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी माझ्यासारखं गिरणगावातून. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळेच नवे होतो. तेव्हा त्या भाजीवाल्या मावशीने यादी बघितली नव्हती.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षासाठी माझ्या चार मागण्या आहेत. कमान नको, चांदीची नाणी नकोत, त्या पैशांत हे करा.

पहिली, रोज संध्याकाळी साडेपाच ते सात ए आणि बी विंगमधल्या गाड्या मागच्या बाजूला लावायच्या. दीड तास. काच फुटली तर सोसायटीच्या निधीतून भरायची. मी आजच माझे पाच हजार रुपये त्या निधीत देते. पंचवीस वर्षांत किती काचा फुटतील? मी तुम्हाला सांगते, भिंतीच्या रंगापेक्षा स्वस्त पडेल.

दुसरी, सोसायटीच्या कार्यालयात एक वही ठेवायची. जो कुणी मुलांना घेऊन कुठे गेला, त्याने चार ओळी लिहायच्या. कसं गेलो, किती वाजता गेलो, मुलांना काय आवडलं, संडासाची सोय होती का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, आया हसतायत बघा! नवीन बिऱ्हाड आलं की मेंटेनन्सच्या बिलाआधी ती वही त्यांच्या हातात द्यायची.

तिसरी, दर ऋतूला एक सहल. हिवाळ्यात नेरूळचे पक्षी, पावसाच्या आधी कर्नाळा, पावसाळ्यात जिथे भातशेती उरली आहे तिथली लावणी. धबधब्यावर मात्र नको. पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी का घालावी लागते ते आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. लहान मुलांना धबधबा लागत नाही, डबकं पुरतं.

चौथी, स्पर्धांच्या कागदावर 'सभासदांच्या पाल्यांसाठी' असं न लिहिता 'आपल्या आवारातल्या सर्व मुलांसाठी' असं लिहायचं. याला खर्च काहीच नाही.

काही जण म्हणतील, ताई, दुपारची झोप मोडते, गोंगाट होतो. होतो. मलाही आता शांतता आवडते, मीही त्या वयात आलेय. पण एक सांगते. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. लेक पुण्याला, मुलगा परदेशात. दुपारी घरात इतकी शांतता असते की घड्याळ ऐकू येतं. माझ्या बाबतीत म्हणाल तर शांतता पुष्कळ झाली. खाली मुलं ओरडायला लागली तर मी खिडकी लावणार नाही, उघडणार आहे.

अध्यक्षसाहेब, ती पाटी मी लावली होती, तर ती काढायचा मान मला द्यावा. उद्या सकाळी कार्यकारिणीची परवानगी असेल तर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली येते. स्टुलावर चढायला मात्र कुणीतरी हात द्या. आणि तो ट्रक काढणारा कलाकार कुठाय? ये रे, पुढे ये. तुझं बक्षीस माझ्याकडे राहिलंय. खडूंची मोठी पेटी आहे, चोवीस रंगांची. उद्या पाटी निघाली की तिच्या मागच्या बाजूला तू आणि ही सगळी मंडळी मिळून हवं ते रंगवा. ट्रक काढलास तरी चालेल, पण त्यात बसलेली मुलं पण काढ.

बाकी सगळ्यांनी तिळगूळ घेतल्याशिवाय जायचं नाही, आणि आज जाताना समोरच्या दारातल्या मुलाचं नाव विचारून जायचं. एवढं बोलून मी थांबते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!